संत्र्याच्या बीला बाप असतो का?

"बीचं झाड आंबट निघते बापा, कलमच आण!" गच्चीवरच्या कुंडीत संत्र्याच्या बिया टोचत होतो, तेवढ्यात शेजारच्या काकूंनी कठड्यावरून बजावलं. नागपुरात संत्र्याबद्दलचा सल्ला मागावा लागत नाही. हापूस आंब्यापुरता तो खराही आहे. हापूसची कोय लावून हापूसच मिळेल याची खात्री नाही, कारण कोयीत अर्धी गुणसूत्रं आईची आणि अर्धी वाऱ्या-माश्यांनी कुठून तरी आणलेल्या परागाची. पण काकूंचा नियम नागपुरी संत्र्यापाशी येऊन अडखळतो. का, ते बघायला घरातली एक बी आणि हाताचं नख पुरे.

मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फुललेल्या, फळातली टपोरी बी घ्या. वरची पांढरी बुळबुळीत साल काढा, आतलं तपकिरी पापुद्र्यासारखं आवरणही सोला. शाळेत हरभरा भिजवून पाहिला होता तशी दोन डाळिंब्यांची अपेक्षा असते. इथे मात्र पिस्त्याच्या रंगाचे तुकडे एकमेकांना रेटत बसलेले दिसतात. मी सोललेल्या बीत पाच निघाले: एक ऐसपैस, दोन मुगाच्या डाळीएवढे, दोन राईएवढे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक स्वतंत्र गर्भ. सूक्ष्मदर्शकवाल्या लेवेनहूकला 1719 मध्येच हे दिसलं होतं. हे जास्तीचे गर्भ येतात कुठून, याचा उलगडा वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गरने 1878 च्या सुमारास केला, आणि मला तरी हा भाग अख्ख्या वनस्पतिशास्त्रात सगळ्यात गमतीचा वाटतो.

फुलाच्या बीजांडात मधोमध गर्भकोश असतो आणि त्याच्याभोवती आईच्याच पेशींची गादी. तिला न्यूसेलस म्हणतात. परागातून दोन पुंबीजं आत उतरतात. एक अंडपेशीला मिळतं, 9 अधिक 9 अशी 18 गुणसूत्रं जुळतात आणि रीतसर गर्भ तयार होतो. दुसऱ्याच्या मिलनातून भ्रूणपोष, म्हणजे बीमधली शिदोरी, तयार होते. इथवर सगळं पुस्तकातल्यासारखं. पण संत्र्यात गादीतल्याच काही पेशी उठून गर्भ व्हायला लागतात. त्यांचं ना अर्धसूत्री (गुणसूत्रं निम्मी करणारं) विभाजन झालेलं, ना त्यांना पराग मिळालेला. आईची 18 च्या 18 गुणसूत्रं जशीच्या तशी घेऊन त्या गर्भकोशात घुसतात आणि ती शिदोरी खाऊन फुगतात. रीतसर जन्मलेला गर्भ बहुतेकदा या गर्दीत उपाशी मरतो. म्हणजे बापाने डबा भरून द्यायचा, आणि तो खायचा आईच्या नकलांनी!

2017 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी यामागचा जनुक शोधला. सीआयटीआरडब्ल्यूपी नावाच्या जनुकाच्या आधीचा डीएनएचा पट्टा म्हणजे त्याचं बटण. त्या बटणात एक छोटा 'उडता' तुकडा येऊन बसलेला असतो, आणि तो असलेल्या झाडांत हा जनुक बीजांडात जोरात चालतो. गुण प्रभावी आहे, दोनपैकी एका गुणसूत्रावर तुकडा असला तरी पुरतो. पपनस आणि महाळुंग यांच्या बीत मात्र एकच गर्भ निघतो.

कागदी लिंबूही याच बहुगर्भी गोतातलं. शनिवारी दुकानाच्या दारावर मिरच्यांसोबत टांगतात तेच. त्याने कुणाची नजर उतरली हे मला कधी दिसलेलं नाही, पण त्यातली एक बी चिरून पाहिली तर शनिवार सार्थकी लागेल. तसंच मुळाशी गुळाचं पाणी ओतून फळ गोड करणाऱ्यांचं. मुंग्यांची सोय होते, जनुकांना त्याचा पत्ता लागत नाही.

बीतूनही बहुतेकदा आईच उगवते, मग कलम कशाला? बीचं झाड काटेरी, उंच वाढतं आणि फळाला सहा-आठ वर्षं सहज घेतं. म्हणून जंबेरी किंवा रंगपूर लाइम या लिंबाच्या भाऊबंदांच्या खुंटावर, म्हणजे मुळासकट खोडावर, नागपुरीचा डोळा (फांदीवरची कळी) बांधतात. गंमत म्हणजे हे खुंट बियांपासूनच वाढवतात, आणि वाफ्यातली हजारो रोपं एकसारखी निघतात ती याच नकलांमुळे. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-शेंदूरजनाघाटकडच्या रोपवाटिकांत वेगळं, खुरटं दिसणारं रोप उपटून टाकायची रीत आहे. त्यातलं बरंचसं संकरित असतं. जनुकशास्त्राचं नाव न घेता माळी बापाची पोरं वेचून फेकतात!

नवं वाण काढू पाहणाऱ्याचं मात्र याने कंबरडं मोडतं. संकर करावा, वर्षानुवर्षं वाट पाहावी आणि हाती पुन्हा आईच यावी. त्यावर एक झकास तोड आहे: पराग त्रिदली संत्र्याचा, म्हणजे एका देठावर तीन पानं असणाऱ्या भाईबंदाचा, वापरायचा. तीन पानांचा गुण प्रभावी असल्याने ज्या रोपाला त्रिदळ फुटलं ते संकरित, बाकी सगळ्या नकला. मेंडेलकडे अशी खूण नव्हती. वाटाण्यानंतर त्याने हॉकवीड हे रानफूल हाती घेतलं. तेही बापाशिवाय बी धरणारं. त्याचे नियम तिथे लागूच पडेनात आणि बिचारा चक्रावला.

नकलांच्या राज्यात वैविध्य येतं ते बहुधा फांदीवरून. वाढत्या शेंड्यातल्या एखाद्या पेशीत बदल होतो आणि पुढची अख्खी फांदी वेगळी फळं देते. बिनबियांचं वॉशिंग्टन नेव्हल संत्रं असंच ब्राझीलमध्ये सापडलं आणि 1870 च्या दशकात कॅलिफोर्नियात पोचलं. त्याला बी नाही, म्हणून ते आजही डोळे बांधूनच वाढवतात. आपल्या बागेतल्या एखाद्याच फांदीला बिनबियांची संत्री लागली, तर ती तोडायच्या आधी कृषी खात्यातल्या माणसाला जरूर दाखवा.

माझ्या कुंडीत एका बीतून तीन रोपं आली आहेत. दोन जुळी वाटावीत अशी. तिसरं ठेंगणं, पानं अरुंद. काकूंनी ते बघून परवा फर्मावलं, "काहून ठेवून राहिला ते मरतुकडं? उपटून टाक!" मी त्याला वेगळी कुंडी दिली.