नाडी गावना नाय: महाधमनीची सूज आणि कॉन्ट्रास्ट एमआरआयची पार्श्वभूमी

माझ्या मावसबहिणीचं निदान व्हायला दोन वर्षं गेली, तेव्हापासून या विषयाचं जे मिळेल ते वाचतोय, म्हणून लिहायला बसलो. कुडाळकडचं गाव, पोरगी तेविशीतली, काजूच्या फॅक्टरीत कामाला, आणि तक्रार काय तर बारीक ताप, वजन उतरलेलं, काजूगर सोलता सोलता डावा हात भरून यायचा. अशक्तपणा म्हणून टॉनिक झालं, टीबीच्या तपासण्या झाल्या, देवाला गाऱ्हाणं घालून झालं. शेवटी बीपी बघायला आलेल्या एका नर्सबाई म्हणाल्या, "अगो, ह्या हाताची नाडीच गावना नाय!" उजव्या हाताला बीपी वाढलेलं आणि डाव्या हातात मशीन काही दाखवेचना. मग गोव्याला नेलं आणि तिथे ताकायासू हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं, म्हणजे महाधमनी (हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी) आणि तिच्या फांद्यांच्या भिंती सुजण्याचा आजार.

हे नाव एका डोळ्याच्या डॉक्टरचं. 1908 साली मिकितो ताकायासू यांनी जपानमधे डोळ्याच्या डॉक्टरांच्या सभेत एका 21 वर्षांच्या मुलीची केस मांडली, तिच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं तयार झालेलं होतं. त्याच सभेत ओनिशी आणि कागोशिमा या दोघांनी सांगितलं की असेच डोळे असलेल्या आमच्या पेशंटना मनगटाची नाडीच लागत नाही. म्हणजे मूळ आजार डोळ्यात नव्हताच, डोक्याकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्या आवळल्यामुळे डोळ्याला रक्त कमी पडत होतं. 1951 साली शिमिझू आणि सानो यांनी याला नाडीहीन आजार असं नाव दिलं. आपल्याकडे मात्र पोटातली महाधमनी आणि किडनीच्या वाहिन्या या आजाराच्या तावडीत जास्त सापडतात, आणि किडनीला रक्त कमी पडलं की बीपी चढतं, त्यामुळे विशी-तिशीतल्या बाईचं बीपी वाढलेलं दिसलं की नुसती गोळी देऊन घरी पाठवू नये, दोन्ही हातांचं बीपी घ्यावं असं मला मनापासून वाटतं, त्याला पैसे लागत नाहीत.

आता मुख्य अडचण. हा आजार वाहिनीच्या भिंतीचा. भिंतीला स्वतःचं रक्त पुरवणाऱ्या बारीक शिरा असतात, सूज साधारण त्यांच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या थरांकडून सुरू होते, मग भिंत जाड होते आणि आतली वाट अरुंद व्हायला बराच काळ जातो. आणि डॉक्टरांकडे कितीतरी वर्षं जे साधन होतं ते नेमकं आतली वाटच दाखवणारं. 1929 साली लिस्बनला दोस सांतोस यांनी महाधमनीत एक्स-रेवर दिसणारं औषध सोडून फोटो काढले, 1953 साली सेल्डिंगर यांनी सुई-तारेची सोपी रीत काढली आणि अँजिओग्राफी सगळीकडे पोचली, पण त्यात दिसतो तो वाहणाऱ्या रक्ताचा आकार. माडाला सोंड्या भुंगा लागला की शेंडा वाळेपर्यंत बाहेरून झाड हिरवंच दिसतं ना, तसं इथे आतली वाट मोकळी दिसते आणि भिंतीत मात्र पोखरणं चालू असतं.

रक्ताच्या तपासण्यांचंही तेच. ईएसआर, म्हणजे अंगात सूज आहे का ते सांगणारी रक्ततपासणी, नॉर्मल आला की आपण हुश्श करतो. पण 1994 साली अमेरिकेतल्या ताकायासूच्या 60 पेशंटचा अभ्यास आला, त्यात आजार शांत झालाय असं धरलेल्या ज्यांच्या वाहिनीचे तुकडे ऑपरेशनमधे तपासले त्यांच्यातल्या 44 टक्क्यांत सूज जिवंत होती. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसून होतो, कारण आमच्याकडे सगळा भरवसा त्या ईएसआरवरच होता.

एमआरआय या गोष्टीत उशिरा येतो. 1973 साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकाच्या मदतीने पहिली चित्रं काढली, त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना 2003 साली नोबेल मिळालं. 1988 साली अमेरिकेत गॅडोलिनियमच्या पहिल्या कॉन्ट्रास्टला, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधाला, परवानगी मिळाली. गॅडोलिनियम हा धातू सुटा असला तर विषारी, म्हणून तो दुसऱ्या रेणूच्या पकडीत घट्ट बांधून देतात. तो जिथे जातो तिथल्या पाण्यातले हायड्रोजन लवकर मूळ स्थितीला येतात आणि ती जागा उजळ दिसते. सुजलेल्या भिंतीत नव्या बारीक शिरा फुटलेल्या असतात, त्या झिरपतात, कॉन्ट्रास्ट भिंतीत उतरून तिथेच रेंगाळतो, म्हणून काही मिनिटं थांबून, आजूबाजूच्या चरबीचा उजेड दाबून चित्र घेतलं की महाधमनीभोवती पांढरं कडं दिसतं. भिंत दिसायला लागली ती इथे!

2000 साली कोरियातल्या रेडिओलॉजिस्टनी हेच ताकायासूच्या पेशंटमधे पाहिलं, भिंत हृदयाच्या स्नायूपेक्षा उजळ दिसली तर आजार चालू आहे असं धरलं, आणि ते ईएसआर आणि सीआरपी (सुजेचीच दुसरी रक्ततपासणी) यांच्याशी बऱ्यापैकी जुळलं. लोकांना वाटलं झालं काम. पण 2002 साली अमेरिकेतून उलट बातमी आली, बाहेरून शांत वाटणाऱ्या कितीतरी पेशंटच्या भिंतीतही एमआरआयवर सूज दिसते, आणि ती दिसली म्हणजे पुढे आजार वाढेलच असं नाही. मग ती उरलेली सूज, की भरून येणारी जखम? हा वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे नुसत्या कड्यावरून कोणी स्टेरॉइड, म्हणजे सूज दाबणारं औषध, वाढवत असेल तर का ते विचारावं.

तरी निदानासाठी एमआरआयचं स्थान पक्कं झालंय. 2018 साली युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने ताकायासूचा संशय असेल तर पहिला फोटो एमआरआयचाच काढा असं सांगितलं, रेडिएशन नाही हे तरुण पोरींच्या दृष्टीने फार मोठं. एक काळजी मात्र आहे, 2006 पासून कळलंय की किडनी खूपच खराब असेल तर काही जुन्या कॉन्ट्रास्टमुळे कातडी आणि सांधे आखडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो, आणि आपल्याकडे या आजारात किडनीच्या वाहिन्याही बऱ्याचदा तावडीत सापडतात, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी, बघतात.

बहिणीचा दुसरा एमआरआय गेल्या पावसाळ्यात झाला. कडं फिकं झालंय. डॉक्टरांनी फोटो बाजूला ठेवून तिचे दोन्ही हात धरले, मान आणि पोट स्टेथोस्कोपने ऐकलं, ईएसआर पाहिला, आणि मग स्टेरॉइडची अर्धी गोळी कमी केली.