बालसखी मुंबईत चालली, मग बिहारमध्ये कुठे अडलं?

तिसरीतला मुलगा. पुस्तकातली कविता खडाखडा म्हणतो, पण मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून हे काय रे विचारलं की गप्प. मग पहिल्या ओळीपासून परत सुरू करतो आणि म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत येतो. आमच्या शेजारच्या ताई वीसेक वर्षांपूर्वी मुंबईत पालिकेच्या शाळेत बालसखी होत्या, हा किस्सा सांगताना त्या अजून हसतात. "डोकं होतं रे पोराला, नुसतं वाचता येत नव्हतं."

बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली मुलगी. मागे पडलेली १५-२० मुलं वर्गातून घ्यायची आणि रोज दोन तास बसवायचं, खोली नसेल तर व्हरांड्यात, नाहीतर मैदानात. आयडिया 'प्रथम' या संस्थेची. २००१ ते २००३ मध्ये अभिजित बॅनर्जी (जन्म मुंबईचाच बरं का), एस्थर डफ्लो वगैरे संशोधकांनी मुंबई आणि वडोदऱ्यात ती तपासली. कुठल्या शाळेत तिसरीला बालसखी द्यायची, कुठे चौथीला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे तुलना सरळ होते, चांगल्या शाळाच निवडल्या असं कोणी म्हणू शकत नाही. दुसऱ्या वर्षअखेर मार्क ०.२८ स्टँडर्ड डेव्हिएशनने (मुलामुलांच्या मार्कांत एरवी किती फरक असतो त्याचं हे माप) वाढले, आणि इतक्या स्वस्त उपायाला हे भरपूरच आहे.

पण मला खरी गंमत वाटते ती वेगळीच. फायदा झाला तो बाहेर बसलेल्या मुलांना. जी वर्गात उरली त्यांचा वर्ग लहान झाला, शिक्षक तेच, तरी त्यांच्यात काही फरक नाही! म्हणजे नुसती गर्दी कमी करून भागत नाही, मूल जिथे आहे तिथून शिकवावं लागतं. केनियातही हेच दिसलं होतं, फुकट पुस्तकं वाटली तर फायदा फक्त आधीच पुढे असलेल्यांना, कारण पुस्तकं इंग्रजीत आणि बाकीच्यांना ती झेपतच नव्हती.

मग सरकारी शिक्षकांनीच हे करावं असं ठरलं आणि इथे गाडी अडली. बिहारमध्ये २००८ पासून शिक्षकांना ट्रेनिंग दिलं, साहित्य दिलं, शाळा सुरू असताना फरक शून्य. आता यावर लगेच शिक्षकांच्या नावाने बोटं मोडायची आपल्याला सवय आहे, पण त्याच बिहारमध्ये उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनीच शिकवलं तेव्हा मुलं सुधारली. माणसं तीच, पद्धत तीच. फरक एवढाच की सुट्टीत सिलॅबस संपवायची घाई नसते आणि पाचवीतल्या मुलाला अक्षरं शिकवली तर कोणी विचारत नाही. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग, आम्हाला कुठे पोर्शन होता!"

हे कळल्यावर २०१२-१३ ला हरियाणात टाइमटेबलमध्येच रोजचा एक तास राखून ठेवला, त्या तासाला इयत्ता विसरायची, वाचता येतं तेवढ्यावर गट. आणि शिक्षकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी लोकांना आधी स्वतः १५-२० दिवस मुलांना शिकवायला लावलं. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तपासायला येणारा माणूस खडू हातात घेऊन घाम गाळून आलेला. मुलांची हिंदी खरंच सुधारली. २०१६ ला झांबियाच्या सरकारने 'कॅच अप' नावाने हेच सुरू केलं, तिसरी ते पाचवीची मुलं एकत्र, गट इयत्तेवर नाही तर वाचनावर, आणि वाचायचं इंग्रजीत नाही, तिथल्याच भाषेत.