‘इरोड’ आलं कुठून?

मराठवाड्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांना ‘इरोड’ (erode, म्हणजे धूप होणं) हे इंग्रजी क्रियापद आधी भूगोलात भेटतं आणि पुढे इंग्रजीच्या पेपरात अडवतं. धूप म्हणजे माती वाहून जाणं, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आणि उताऱ्यात येतं, ‘पब्लिक ट्रस्ट हॅज इरोडेड’. आता विश्वासाची माती कुठून आणायची?

मूळ लॅटिन आहे. ‘रोदेरे’ म्हणजे कुरतडणं. उंदीर-घुशींच्या गणाला ‘रोडंट’ हे नाव त्यावरूनच पडलं; गंज चढताना वापरतात ते ‘करोड’ (corrode) हे क्रियापदही त्याच घरचं. इंग्रजीत ‘इरोजन’ हे नाम 16व्या शतकात आलं, ‘इरोड’ 17व्या शतकाच्या सुरुवातीला. सुरुवातीचा वापर बराचसा वैद्यकातला: व्रण मांस खातो, त्या अर्थाचा. नदी आणि डोंगर भूशास्त्र वाढलं तसे त्यात शिरले. म्हणजे शेतातली धूप हा आपल्याला मूळ वाटणारा अर्थच मागाहूनचा. कुरतडणं लक्षात ठेवलं की विश्वास, बचत, अधिकार सगळं आपोआप जागेवर बसतं. ‘इन्फ्लेशन इरोड्स सेव्हिंग्ज’ हे वाक्य तर वर्तमानपत्रात नेहमीचंच.

कुरतडण्याला वेळ लागतो, आणि गोची होते ती इथेच. अजिंठ्याला वाघूर नदीने साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट कोरत घोड्याच्या नालेसारखी दरी केली. तिथे ‘द रिव्हर इरोडेड द रॉक’ अगदी चपखल. पण सप्टेंबर 2025च्या पुरात एका रात्रीत शेतं खरडून गेली, त्यांचे पंचनामे झाले. पंचनाम्यातलं ते ‘खरडून जाणं’ इंग्रजीत न्यायचं तर ‘वॉश अवे’ बरं. ‘इरोड’ लिहिलं तर व्याकरण चुकणार नाही, पण त्या रात्रीचा धसका वाक्यातून निघून जाईल.

क्रियापद दोन्हीकडे चालतं: पाणी काठ ‘इरोड’ करतं आणि काठ स्वतःही ‘इरोड’ होतो. कर्ता बहुधा पाणी, वारा, महागाई, अफवा असा असतो. ‘द फार्मर इरोडेड द सॉईल’ कानाला खटकतं.

राहिलं ‘इरोड’शी गल्लत होणारं ‘वेदर’ हे क्रियापद; इथे हवामानाचा अर्थ नाही. खडक जागच्या जागी फुटला, तर ते विदारण, म्हणजे ‘वेदर’. फुटलेले तुकडे पाण्याने किंवा वाऱ्याने हलवले, की तिथून पुढे ‘इरोड’.