हमी कोणाची? बडोद्याच्या पेढ्यांपासून ५ लाखांच्या विम्यापर्यंत

ठेवींच्या कामासाठी आमच्याकडे येणारे ग्राहक, विशेषतः निवृत्त मंडळी, आधी व्याजदर विचारतात. आमचा आग्रह आहे की त्याच्याही आधी दुसरी गोष्ट विचारावी : उद्या बँक अडचणीत आली, तर आपले पैसे देणार कोण? बडोद्यात हा प्रश्न फार जुना आहे.

गायकवाडांच्या दरबाराला पैसा पुरवायच्या त्या शहरातल्या सावकारी पेढ्या. हरिभक्तींची पेढी त्यांतली नामांकित. फौजेचा पगार थकला की पेढीने रक्कम उभी करायची आणि परगण्यांच्या वसुलातून ती फेडून घ्यायची, असा हा व्यवहार. १८०२ मध्ये अरब शिबंदीचा, म्हणजे पगारी अरब सैनिकांचा, पगार इतका तुंबला की शिबंदी शहर सोडायला तयार होईना. ती देणी भागवायला काही रक्कम ईस्ट इंडिया कंपनीने दिली, काही सावकारांनी. सावकारांनी मात्र आधी कंपनीची हमी मागून घेतली. दरबारी कागदांत तिला बहांदरी म्हणत. ही हमी किती पक्की होती, ते १८२८ मध्ये दिसले. दुसऱ्या सयाजीरावांकडून सावकारांची देणी फिटेनात, तेव्हा कंपनीने त्यांचा मुलूखच जप्त केला. मोठ्या धनकोला असा जामीन मिळत होता. कारकुनाला, मास्तराला, लहान दुकानदाराला तो कोण देणार?

त्याचे उत्तर बडोद्यातल्या मराठी मध्यमवर्गाने स्वतःच शोधले, आणि याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकरांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ सुरू झाली. पोटापाण्यासाठी गुजरातेत येऊन राहिलेली ही माणसे. सावकाराच्या दारात उभे राहायला नको म्हणून ती एकमेकांच्या पाठीशी उभी राहिली. सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला १९०४ साली, म्हणजे मंडळीच्या स्थापनेनंतर १५ वर्षांनी. देशातल्या नागरी सहकारी बँकांच्या इतिहासाची सुरुवात आजही या मंडळीपासूनच सांगितली जाते.

तिसऱ्या सयाजीरावांच्या पुढाकाराने २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. १९१३ ते १९१७ या काळात देशातल्या ८७ बँका बुडाल्या, ही मात्र तरली. १९६९ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले.

कवठेकरांची मंडळी पुढे सहकारी बँक झाली. शंभरी ओलांडल्यावर तिचा परवाना रद्द झाला आणि ती बंद पडली. बडोद्याच्या कितीतरी मराठी घरांना ती गोष्ट लागून राहिली. परस्परांवरचा विश्वास हे त्या संस्थेचे मोठे भांडवल होते, पण ठेवीदाराला नुसता विश्वास पुरत नाही. त्याच्या हातात कायद्याची हमी लागते.

आज ती हमी ठेव विम्याची आहे. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून हा विमा सुरू झाला. सुरुवातीला त्याची मर्यादा होती अवघी १,५०० रुपये. १९९३ मध्ये ती १ लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख आहे. हप्ता बँक भरते, ठेवीदाराला काही भरावे लागत नाही. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. क्रेडिट सोसायटीला तो नाही. पाटीवर ‘सहकारी’ लिहिले आहे म्हणून दोन्ही एकच समजू नका. पैसे ठेवण्याआधी आम्हाला विचारा, विचारायचे पैसे आम्ही घेत नाही.

हिशेब कसा होतो, तेही पाहा. समजा, काकांच्या एकट्याच्या नावावर रावपुरा शाखेत ३ लाखांची एफडी आहे आणि त्याच बँकेच्या अलकापुरी शाखेत १ लाख ८० हजारांची. वर ३५ हजार व्याज साठले आहे. शाखा दोन असल्या तरी बँक एकच, म्हणून सगळे एकत्र धरतात. बेरीज होते ५ लाख १५ हजार. विम्यातून मिळणार ५ लाख. वरचे १५ हजार उघड्यावर राहिले. म्हणून मुद्दल काठोकाठ ५ लाख ठेवू नये, व्याजाला जागा सोडावी.

काका-काकूंचे संयुक्त खाते मात्र वेगळे मोजतात, त्याला वेगळे ५ लाखांचे संरक्षण मिळते. एका खात्यात काकांचे नाव आधी आणि दुसऱ्यात काकूंचे आधी असेल, तर तीही दोन स्वतंत्र खाती धरली जातात. नॉमिनी लावल्याने मात्र ही मर्यादा वाढत नाही. नॉमिनीचा उपयोग मागे राहिलेल्यांची धावपळ वाचवायला होतो, आणि तेवढ्यासाठी तरी तो प्रत्येक खात्याला लावलेला असावा.

आमच्याकडे येताना सगळ्या बँकांची पासबुके आणि एफडीच्या पावत्या बरोबर आणा, मुदत संपलेल्यासुद्धा. कोणाच्या नावावर, कोणत्या बँकेत, व्याजासह किती, असा तक्ता आम्ही तुमच्यासमोरच मांडून देतो. दोघांच्या नावावर ठेवी असतील, तर दोघांनीही यावे.