घरचं मेयो आणि दुकानातलं मेयो

पुण्यातल्या कुठल्याही किराणा दुकानात मेयोनीजचं पाकीट हातात घ्या आणि उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘व्हेज’ किंवा ‘एगलेस’ असतं, शेजारी हिरवा ठिपका. मागे घटकांची यादी: खाद्यतेल, पाणी, साखर, मीठ, दुधाचे घन पदार्थ किंवा सोयाची प्रथिनं, मग थिकनर, स्टॅबिलायझर आणि त्यांच्यापुढे 1422, 415 असे आकडे. पहिला आकडा प्रक्रिया केलेल्या स्टार्चचा, दुसरा झँथन गमचा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, त्यामुळे पाणी कितव्या नंबरावर आहे एवढं पाहिलं तरी बरंच कळतं. घरी मेयो करणाऱ्याच्या ओट्यावर यातल्या निम्म्या गोष्टी नसतात. तिथे अंड्याचा बलक, तेल, व्हिनेगर नाहीतर लिंबू, मीठ आणि थोडी मोहरीची पूड असते.

घरचं चांगलं की विकतचं, हा वाद आमच्या ओळखीपाळखीत नेहमी चालतो. त्यात पडण्याआधी एक गोष्ट मान्य करावी असं मला वाटतं: आपल्याकडे मिळणारं एगलेस मेयो आणि अंड्याचं घरगुती मेयो हे एकाच पदार्थाचे दोन दर्जे नाहीत. दोन्ही दाट आहेत, पण दाट होण्याची कारणं निराळी आहेत. चव, टिकाऊपणा, तव्यावर गेल्यावरची वागणूक, सगळं त्या कारणांतून ठरतं. मला दोन्ही लागतात, पण एकाच कामाला नाही.

आधी घरचं पाहू. तेल ओतलं की वाहतं, व्हिनेगर वाहतं, फोडलेला बलकही वाहतो. तीन पातळ गोष्टी एकत्र घुसळल्यावर चमचा उभा राहील असा पदार्थ तयार होतो, ही स्वयंपाकघरातली खरोखर विलक्षण घटना आहे. घुसळताना तेलाचे बारीक बारीक थेंब होतात. एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिलिलिटर तेल घेतलं आणि त्याचे 5 मायक्रॉन व्यासाचे थेंब केले (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर सुमारे 23 हजार कोटी थेंब होतात. त्या सगळ्यांचा पृष्ठभाग एकत्र केला तर तो 18 चौरस मीटर भरतो. पुण्यात जागेचा हिशोब चौरस फुटांत चालतो, म्हणून त्या भाषेत सांगायचं तर 190 चौरस फुटांहून थोडा जास्त, म्हणजे चांगली ऐसपैस बेडरूम. चमचाभर तेलातून एवढा पृष्ठभाग निघतो आणि तो सगळा पाण्याला भिडलेला असतो. तेल आणि पाणी दोघांनाही हे नको असतं. संधी मिळताच थेंब एकमेकांत मिसळून पुन्हा तेलाचा थर होऊ पाहतात.

त्यांना अडवतो तो बलक. बलकातल्या लेसिथिनचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात थिओडोर गोब्ली या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने लावला. लेसिथिनच्या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं, दुसरं तेलात, त्यामुळे तो बरोबर सीमेवर जाऊन बसतो. पाककृतींच्या पुस्तकांत सगळं श्रेय लेसिथिनलाच दिलेलं असतं. प्रत्यक्षात बलकात हे रेणू सुटे फारसे नसतात. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ मिळून झालेल्या अतिसूक्ष्म कणांत ते बांधलेले असतात. ते कण थेंबापाशी पोचले की पसरतात आणि थेंबाभोवती प्रथिनांचं मजबूत आवरण तयार होतं. मीठ सुरुवातीलाच बलकात घालावं असं जुने आचारी सांगत, त्यामागेही हेच आहे. बलकात या कणांचे काही घट्ट गोळे असतात, ते मिठाने सुटे होतात आणि आवरणासाठी जास्त माल हाताशी येतो. मिठाने बलक किंचित दाट झालेला डोळ्यांनाही दिसतो.

आवरणाने थेंब टिकतात, पण घट्टपणा येतो तो गर्दीमुळे. एकाच मापाचे गोल एखाद्या भांड्यात कसेही ओतले तर ते साधारण 64 टक्के जागा व्यापतात. अगदी पद्धतशीर रचले तरी 74 टक्क्यांपुढे जाता येत नाही. अस्सल मेयोनीजमध्ये तेल 70 ते 80 टक्के असतं. एवढ्या जागेत थेंबांना गोल राहणंच जमत नाही. लहान थेंब मोठ्यांच्या फटीत शिरतात, बाकीचे शेजाऱ्यांना रेटून चपटे होतात. प्रत्येक थेंब परत गोल व्हायला पाहतो आणि त्या ताणामुळे सगळा पदार्थ घन असल्यासारखा वागतो. हलका दाब दिला तर जागचा हलत नाही, ठरावीक दाबापुढे मात्र मुकाट वाहू लागतो. म्हणून सुरीने पावावर सहज पसरतं आणि पसरल्यावर तिथेच राहतं. अशा न धड घन न धड द्रव पदार्थांचं शास्त्र म्हणजे ऱ्हिऑलॉजी, आणि पुण्याचा या विषयाशी जुना संबंध आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर 1976 मध्ये आले ते द्रव वाहण्याचा न्यूटनचा साधा नियम न पाळणाऱ्या प्रवाहांचा अभ्यास घेऊन. पॉलिमर असोत की मेयोनीज, कितपत जोर लावल्यावर पदार्थ वाहू लागतो हा प्रश्न तोच असतो.

मेयो फसतं ते बहुतेक वेळा सुरुवातीला. पाणी थोडं असताना तेल भसकन ओतलं की थेंब तेलाचे होण्याऐवजी पाण्याचेच होतात, तेही तेलात. मग कितीही घुसळा, पातळच राहणार. शेवटाकडे फसलं तर कारण वेगळं: बलक कमी पडलेला नसतो, पाणी कमी पडलेलं असतं. एक बलक वाट्याच्या वाट्या तेल सांभाळू शकतो, पण एका बलकात पाणी असतं जेमतेम चमचा-दीड चमचा. मेयो फार घट्ट होऊन कडेने तेलकट चमकू लागलं की चमचाभर पाणी घालावं. फाटलंच तर दुसऱ्या भांड्यात चमचाभर पाणी किंवा नवा बलक घेऊन त्यात फाटलेलं मिश्रण थेंबाथेंबाने फेटत न्यावं. टाकून द्यायची गरज नसते.

दुकानातल्या एगलेसमध्ये तेल सहसा बरंच कमी असतं. पाकिटावर 100 ग्रॅममागे फॅट किती ते पाहा. अंड्याच्या अस्सल मेयोत तो आकडा 75 च्या आसपास असतो. तेल कमी म्हणजे थेंब विरळ, आणि विरळ थेंबांत घट्टपणा नसतो. तो आणण्यासाठी मग पाणीच दाट करतात, स्टार्चने आणि गमने. यात फसवणूक काही नाही, तेही उत्तम तंत्रज्ञान आहे. पण जिभेला फरक कळतो. लाळेतलं अमायलेज हे स्टार्च तोडणारं विकर लगेच काम सुरू करतं आणि घास लवकर पातळ होतो. शिवाय लसूण, मोहरी, तेल यांचे बरेचसे गंध तेलात विरघळतात. तेल भरपूर असेल तर ते हळूहळू सुटतात आणि चव रेंगाळते. तेल कमी असेल तर सगळं एकदम येतं आणि संपतं. ती उणीव मग साखरेने भरून काढतात. हा गोडवा मला आवडत नाही, पण माझ्या घरातल्या पोरांना घरचं मेयो ‘आंबट’ लागतं, कारण त्यांची जीभ पाकिटावर वाढली आहे.

मेयो कशाला म्हणायचं यावर अमेरिकेत कोर्टकचेरीही झाली. तिथल्या नियमाप्रमाणे मेयोनीजमध्ये किमान 65 टक्के वनस्पती तेल आणि अंडं हवंच. 2014 मध्ये ‘जस्ट मेयो’ या बिनअंड्याच्या उत्पादनावर युनिलिव्हरने दावा लावला आणि त्याच वर्षी मागेही घेतला.

अंडं न खाणाऱ्या घरांसाठी एक तिसरा रस्ता आहे आणि माझ्या मते तो पाकिटापेक्षा सरस आहे: दुधाचं मेयो. तापवून गार केलेलं दूध 100 मिलिलिटर, सूर्यफुलाचं तेल 200 मिलिलिटर, मीठ, पाव चमचा मोहरीची पूड आणि लसणाची एक पाकळी. सगळं अरुंद, उंच भांड्यात घ्यायचं. हँड ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करायचा आणि हलवायचा नाही. पात्याखालून पांढरे लोट वर येऊ लागतात, वरचा तेलाचा थर पातळ होत जातो. थोड्याच वेळात मोटरचा आवाज जड होतो. आवाज बदलला की ब्लेंडर सावकाश वर ओढायचा. लिंबाचा रस सगळ्यात शेवटी, आणि तो पडताच मिश्रण आणखी एक पायरी घट्ट होतं. इथे बलकाचं काम दुधातलं केसिन हे प्रथिन करतं. आंबटपणा वाढला की केसिनचे कण एकमेकांना धरू लागतात. दही लागतं तेही याच गुणाने. तेलाचं प्रमाणही पाहा: तीन भागांत दोन भाग, म्हणजे 66 टक्के, गर्दी सुरू होण्याच्या जरासं पुढे. छोले शिजवलेलं दाट पाणीही असंच वापरता येतं, फक्त त्याला घुसळायला जास्त वेळ द्यावा लागतो.

तेल मी मुद्दाम सूर्यफुलाचं म्हटलं. अलीकडे पुण्यात लाकडी घाण्याची बरीच दुकानं झाली आहेत आणि घाण्याच्या शेंगदाणा तेलाचं मेयो ताजं ताजं फार सुरेख लागतं. पण ते त्याच दिवशी संपवावं. शेंगदाणा तेलात लांब साखळीची काही संपृक्त मेदाम्लं असतात, ती थंडीत गोठतात. डिसेंबरच्या सकाळी तेलाच्या डब्यात तळाशी गढूळपणा दिसतो तो त्यांचाच. फ्रिजमध्ये थेंबाच्या आत स्फटिक वाढतात आणि आवरण आतून फोडतात. बाहेर काढून ठेवलं की वर तेल तरंगतं. डीप फ्रीजमध्ये तर कुठलंच घरगुती मेयो वाचत नाही.

आता कच्च्या अंड्याचा प्रश्न, आणि इथे मी कुणाच्या आवडीनिवडीला जागा देत नाही. 1982 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती पुण्याचीच, ‘संडे हो या मंडे’ हा नारा तिचाच. अंड्याविरुद्ध माझं काहीच म्हणणं नाही. पण कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. हैदराबादेत मोमो खाल्ल्यावर बरेच लोक आजारी पडले, एक मृत्यूही झाला, आणि तेलंगणाने ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. एप्रिल 2025 मध्ये तमिळनाडूनेही तेच केलं. कारखान्यात अंडं पाश्चराइझ केलेलं असतं आणि आम्लता मोजून ठेवलेली असते, त्यामुळे बंद बाटली इथे निश्चितपणे जिंकते. घरी किंवा गाडीवर आम्लता कोणी मोजत नाही. व्हिनेगर जिवाणू मारतं हे खरं, पण त्याला वेळ लागतो, आणि गंमत म्हणजे फ्रिजच्या थंडीत हे मरणं आणखी मंदावतं. ‘लगेच फ्रिजमध्ये ठेवलं होतं’ ही म्हणूनच पुरेशी हमी नाही. लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं ज्या घरात आहेत तिथे कच्चा बलक नकोच. अंड्याचीच चव हवी असेल तर बलकात दोन चमचे पाणी आणि चमचाभर व्हिनेगर घालून, उकळत्या पाण्यावर धरलेल्या भांड्यात सतत ढवळत 70 अंश सेल्सिअसच्या जरा पुढे न्यावं, गार करावं आणि मग तेल घालावं. थर्मामीटर लागतो, अंदाजाने करू नये. हे मेयो उलट जास्तच स्थिर होतं. तरीही फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांच्या वर ठेवू नये.

बाटलीबंद मेयो महिनोन्महिने टिकतं याला आणखी एक कारण आहे. अंड्याच्या काही विदेशी बाटल्यांवर 385 हा आकडा दिसतो, तो ईडीटीएचा. बलकात लोह असतं, ते आम्लात सुटं होतं आणि तेल खवट करायला मदत करतं. ईडीटीए त्या लोहाला धरून ठेवतं.

कुठे काय वापरायचं, हे आता सोपं होतं. शाळेच्या डब्यातल्या सँडविचला मी दुकानातलंच वापरते. एप्रिलच्या पुणेरी उन्हात डबा चार तास दप्तरात असतो, तिथे प्रयोग नकोत. त्यातही उकडलेला बटाटा किंवा चिकन मिसळलं की आम्लता उतरते आणि मेयोचं संरक्षण संपतं, हे लक्षात ठेवावं. अशा वेळी दोष मेयोला मिळतो, पण बिघडलेलं असतं सारण. काकडी-टोमॅटोच्या सँडविचला मात्र मेयो पावाच्या कडेपर्यंत लावावं, म्हणजे भाजीचं पाणी पावात मुरायला वेळ लागतो. कोबीच्या सॅलडमध्ये घालायचं तर कोबीला आधी मीठ लावून घट्ट पिळून घ्यावा. तसं केलं नाही तर मीठ आणि आम्ल कोबीचं पाणी ओढून काढतात आणि अर्ध्या तासात तळाशी पांढरं पाणी साचतं. ठेच्यात कालवायला घरचंच हवं: मिरचीचं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, त्यामुळे भरपूर तेलाच्या मेयोत तिखटाची धार बोथट होते आणि लसूण पुढे येतो.

तव्यावर दोघांचे मार्ग पुरते वेगळे होतात. अंड्याच्या घरगुती मेयोतलं पाणी उडतं, आवरणं तुटतात, तेल बाहेर पडतं आणि प्रथिनं तपकिरी होतात. पावाला बाहेरून लोण्याऐवजी ते पातळ लावून भाजा, सोनेरी आणि कुरकुरीत कवच येतं. एगलेसमधला स्टार्च पाणी धरून ठेवतो, म्हणून ते ओव्हनमधल्या पदार्थांत किंवा ग्रिल सँडविचच्या आत चांगलं राहतं. बाहेरून लावायचंच झालं तर आच मंद ठेवावी, कारण त्यातली साखर पाव भाजला जाण्याआधी करपते.