भुवया कोरणे

भुवया कोरणे : भुवईच्या मूळ रेषेबाहेरचे केस काढून तिला चेहऱ्याला साजेसा आकार देण्याची प्रसाधनक्रिया. बडोद्याच्या मराठी घरांत ‘आयब्रो करणे’ हाच शब्दप्रयोग रूढ आहे. दोरा (थ्रेडिंग), चिमटा आणि वॅक्स या पद्धतींपैकी दोऱ्याचा वापर सर्वाधिक.

उगम : दोऱ्याने केस काढण्याचा उगम भारतात की इराणात, याविषयी एकमत नाही. भारतात ही पद्धत हजारो वर्षे जुनी असल्याचे लोकप्रिय लेखनात सर्रास सांगितले जाते. मात्र त्यासाठी ग्रंथाधार दिलेला क्वचितच आढळतो. इराणात ‘बंद अंदाझी’ या नावाने ती ओळखली जाते व वधूच्या विवाहपूर्व विधींशी जोडलेली आहे. त्यामुळे इराणी उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते. चौसष्ट कलांतील ‘विशेषकच्छेद्य’ हा भुवया कोरण्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो, पण कामसूत्राचा टीकाकार यशोधर याच्या मते ती कपाळावरील टिळ्यासाठी पाने कातरण्याची कला होय.

संस्कृत ग्रंथांत भुवईचा विचार मुख्यत्वे अभिनय व चित्रकलेच्या अंगाने येतो. या ग्रंथांच्या प्रकाशनात बडोद्याचा वाटा मोठा आहे. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२६ पासून रामकृष्ण कवी यांनी संपादिलेले नाट्यशास्त्र अभिनवभारती टीकेसह निघू लागले. त्याच्या आठव्या अध्यायात भुवईच्या सात क्रिया आहेत : उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित व सहज. यांतील ‘सहज’ म्हणजे भुवईची स्वाभाविक स्थिती. याच मालेत प्रियबाला शाह यांच्या संपादनाने आलेल्या (१९५८) विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तृतीय खंडातील चित्रसूत्राचा (चित्रकलेवरील भागाचा) काळ साधारणतः इ. स. पाचवे ते सातवे शतक मानतात. काहींच्या मते तो याहून नंतरचा असावा. त्यातील ‘चापाकार’ (धनुष्याच्या आकाराचा) हा डोळ्याचा प्रकार आहे. तो भुवईचा समजणे बरोबर नाही. मूर्तिकलेत भुवईला धनुष्याची व निंबपत्राची उपमा देतात. या उपमांत घडवलेल्या प्रतिमेचे वर्णन आहे, केस काढण्याची कृती नाही.

पद्धती : सुती दोऱ्याचे एक टोक दातांत धरून मधल्या पिळात केस अडकवतात व मुळासकट ओढतात. आधी टाल्कम पावडर लावतात. त्वचा ताणून धरण्याचे काम बसणाऱ्या बाईकडेच असते. नाकपुडीच्या कडेपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे गेलेली रेषा भुवईची सुरुवात दाखवते, तर बाहेरच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली रेषा शेवट. समोर पाहताना बुबुळाच्या बाहेरच्या कडेवर कमान येते. गोल चेहऱ्याला किंचित उंच कमान, लांबट चेहऱ्याला आडवी रेघ आणि चौकोनी जबड्याला सौम्य वळण शोभते, असा संकेत आहे. तो ठोकताळा समजावा. भुवईच्या हाडाची ठेवण व केसांची मूळ दिशा यांना अधिक महत्त्व द्यावे. केस प्रामुख्याने खालच्या बाजूने काढतात. त्याच जागी वर्षानुवर्षे ओढलेले केस कधीकधी परत येत नाहीत. बारीक भुवयांची फॅशन सरल्यावर हे अनेकींना जाणवते.

बडोदे : राजा रविवर्मा यांनी सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने येथे केलेल्या चित्रांतील स्त्रियांच्या भुवया साधारणपणे भरदार व गडद दिसतात. आजच्या पार्लरांत आयब्रोसोबत अपर लिप व कपाळ ही कामे होतात. नर्तकी भुवया काजळाने गडद करून त्यांची टोके लांबवतात.

दक्षता : ओढलेल्या जागी लाली व पुळ्या येऊ शकतात. अस्वच्छ दोऱ्यामुळे चामखिळीचा संसर्ग झाल्याची उदाहरणे त्वचारोगशास्त्रात नोंदलेली आहेत. कोड असलेल्यांत ओढलेल्या त्वचेवर नवे पांढरे डाग उमटू शकतात, म्हणून त्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.