विमानात छातीतली हवा फुगते तेव्हा

अमुक नेत्याला एअर अ‍ॅम्ब्युलन्सने मुंबईला हलवलं, अशी बातमी आली की सगळे वेगाबद्दलच बोलतात. नागपूरहून रस्त्याने आठ-दहा तास, विमानाने दोनेक तास. वेग खराच, पण त्याची किंमत रुग्णाचं शरीर मोजतं. उंचावर उडणाऱ्या विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरच्याइतका नसतो. तो साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेचा असतो. कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांवर आहे. म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या माणसाला आपण कळसूबाईहून वर नेतो.

निरोगी माणसाचं ऑक्सिमीटर तिथे दोन-चार अंकांनी उतरतं, एवढंच. गंभीर रुग्णाचं मात्र गणित करावं लागतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिमी पारा, आठ हजार फुटांवर सुमारे ५६५. फुप्फुसात हवा ३७ अंशांवर ओली होते आणि त्या वाफेचा दाब, उंची कितीही असो, ४७ मिमीच राहतो. तो दोन्हीकडून वजा करा: ७१३ आणि ५१८. यांचं गुणोत्तर जवळपास १.३८. खाली ६० टक्के ऑक्सिजनवर असलेल्याला वर सुमारे ८३ टक्के लागतो. आणि खाली ८० टक्क्यांवर असेल तर? ११० टक्के. असा सिलिंडर कुठेच मिळत नाही.

हेच १.३८ शरीरात अडकलेल्या हवेलाही लागू पडतं. बरगडी मोडून फुप्फुसाभोवती ३०० मिलीलीटर हवा साचली असेल तर वर ती ४१० होते, फुप्फुस आणखी दबतं. म्हणून छातीत नळी आधीच घालतात. श्वासनळीतली नळी जागेवर धरणारा फुगाही असाच ताणतो आणि श्वासनळीच्या अस्तराचा रक्तपुरवठा तोडू शकतो. काही ठिकाणी त्यात हवेऐवजी सलाइन भरतात, कारण पाणी फुगत नाही. बाकीचे दाब मोजत राहतात. जाहिरातीतल्या ‘उडत्या आयसीयू’त यातलं काही दिसत नाही, फक्त चकाचक मॉनिटर दिसतात.

यावर एक उपाय आहे: केबिनमध्ये समुद्रसपाटीचाच दाब ठेवायचा. ऑस्ट्रेलियात १९२८ साली क्लॉनकरीहून सुरू झालेली रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस आज पिलाटस पीसी-१२ विमानं वापरते. त्यांच्या केबिनला बाहेरच्यापेक्षा पावणेसहा पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड, हे दाबाचं एकक) जास्त दाब सोसतो, त्यामुळे सुमारे तेरा हजार फुटांपर्यंत हे जमतं. त्याहून वर गेलं की नाही. मग खालून उडावं लागतं, इंधन जास्त जळतं, ढगांचे हादरे बसतात, आणि मणक्याला मार लागलेल्या रुग्णाला ते हादरेही नको असतात.

हेलिकॉप्टरच्या केबिनमध्ये दाब राखायची सोय बहुधा नसते. ते मैदानी भागात खालूनच उडतं म्हणून निभावतं, डोंगराळ मुलखात नाही.

हे सगळं आधी मार्गी लावायचं म्हणून कित्येकदा न्यायला आलेलं पथक रुग्णाला लगेच उचलून निघत नाही. नळ्या तपासणं, रक्तदाब स्थिर करणं, व्हेंटिलेटर बदलून थोडा वेळ पाहणं, यातच तास जातो आणि बाहेर नातेवाईक ‘उशीर का?’ म्हणून ओरडत असतात.